सॅक आणि टार्पवरच्या पट्टीच्या लूपना कोणती टीप मारावी?

अजिंक्यतारा_शिलाई (सातारा)
पावसाळ्याआधी ट्रेकच्या सामानाची कामं आली आहेत. तीन जागी लूप बसवायचेत. सॅकच्या पुढे २० मिमी पट्टीची उभी शिडी, म्हणजे सामान अडकवायला लूपांची रांग. सॅक उचलायचा वरचा लूप, २५ मिमी पट्टीचा. आणि ३ बाय ३ मीटर टार्पचे, म्हणजे डोक्यावर ताणायच्या कापडी छपराचे कोपरे. कापड पातळ, सिलिकॉन लावलेलं नायलॉन. मशीन सरळ टिपेचं, झिगझॅग नाही. सगळीकडे चौकोन मारून आत फुली घातली तर चालेल का? दुरुस्तीला आलेल्या एका सॅकचा लूप टाक्यांसकट निघालाय. दोरा शाबूत, कापड मात्र फाटलंय. असं का होतं?

कृष्णाकाठ (सांगली)
दोरा शाबूत आणि कापड गेलं, म्हणजे टाके कमी नव्हते, जास्त होते. फाटलेली कड नीट बघा. सुईच्या भोकांच्या रांगेतूनच फाटली असणार. पोस्टाच्या तिकिटांच्या कडेला भोकं असतात, तसंच होतं ते. एका ओळीत दाट टाके घातले की कापडाचे धागे तिथेच तुटतात आणि ओढ बसली की तिथूनच फाटतं.

म्हणून आधी ओढ कुठून येणार ते ठरवा, टीप नंतर.

शिडीला चौकोन-फुली बसतच नाही, जागा नसते. तिथे बारटॅक, म्हणजे पट्टीवर आडवी मारलेली छोटी दाट टीप. सरळ मशीनवर टाका १ मिमीवर आणा, पट्टीच्या रुंदीत आडवं जा, रिव्हर्सने परत या, अशा चार-पाच फेऱ्या २ ते ३ मिमीच्या पट्ट्यात मारा. प्रत्येक फेरी केसभर सरकवा, सुई त्याच भोकात पडू देऊ नका. दोन्ही कडांना दीड मिमी सोडा. दोन बारटॅकमध्ये ३० मिमी अंतर असेल तर पट्टी ३५ मिमी घ्या, नाहीतर कॅराबिनर, म्हणजे अडकवायची धातूची कडी, आत शिरत नाही. मागे अस्तराची पट्टी हवीच. बारटॅक एकट्या कापडावर मारू नये.

वरच्या लूपची दोन्ही टोकं पाठीच्या आणि वरच्या कापडाच्या शिवणीत दाबा, निदान २५ मिमी आत. शिवणीतून तीन टिपा, मग आतल्या बाजूला टोकांवर चौकोन-फुली. नुसता वरून बसवलेला लूप ओढ बाहेरच्या दिशेला आली की पहिल्या आडव्या टिपेपासून एकेक टाका सोलत जातो. पट्टीच्या लांबीत ओढ असेल तर सगळे टाके मिळून भार घेतात. चौकोन-फुलीचा फायदा तेवढाच, आणि तो तिथेच मिळतो.

टार्पला फुली अजिबात नको. कोपऱ्यावर जाड कापडाचं ठिगळ लावा, कडा गोल कापा, साडेतीन मिमी टाक्याने एकच टीप. लूप कोपऱ्याच्या कोनाच्या मधोमध, पट्टीची टोकं टार्पच्या मध्याकडे करून. त्याचे टाके ठिगळ आणि दुमडलेली कड यांतूनच जाऊ द्या. कास पठारावरचा वारा टार्प झटके देऊन ओढतो. ठिगळ नसेल तर कापड टिकत नाही.

मिरज_जाड_काम
वरचं पटलं. दोरा-सुईचं सांगतो.

सुती दोरा नको, पावसात कुजतो. बाँडेड (पीळ सुटू नये म्हणून लेप दिलेला) नायलॉन किंवा बाँडेड पॉलिएस्टर, टेक्स ७० (टेक्स म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप), सुई १६ किंवा १८ नंबर. टेक्स १३५ ला २२ नंबरची सुई लागते, घरगुती मशीन ते ओढत नाही. कायम उन्हात राहणाऱ्या टार्पला पॉलिएस्टर बरा, नायलॉन उन्हाने लवकर कमकुवत होतो.

टेक्स ७० साधारण ५ किलोला तुटतो. २५ मिमी पट्टीवर २० मिमीचा चौकोन आणि फुली म्हणजे ८० अधिक ५६, एकूण १३६ मिमी टीप. ३ मिमी टाक्याने पंचेचाळीस टाके. टाक्याला एकाच धाग्याचा जोर धरला तरी सव्वादोनशे किलो. सॅकला याहून जास्त लागत नाही, त्याआधी कापड फाटेल. दुहेरी चौकोन मारणं म्हणजे नुसती हौस.

खाली दोऱ्याचे लूप दिसले तर वरचा ताण कमी आहे, किंवा दोरा ताणाच्या चकत्यांत नीट बसलेला नाही. गाठ पट्टीच्या जाडीत लपली पाहिजे. टाके सुटत असतील तर आधी सुई बदला. जाड जागी कापड दाबणारं मशीनचं फूट तिरकं होतं. मागे त्याच पट्टीची घडी ठेवून सपाट करा, पहिले टाके हाताने चाक फिरवून घ्या.

पट्टीचं टोक वितळवल्यावर जो कडक मणी होतो त्यातून सुई घालू नका. सुई मोडते, आणि मोडली नाही तर त्या धारेने दोरा झिजतो. टोक गरम असतानाच चमच्याच्या पाठीने सपाट करा.

आणि पट्टी कसली आहे ते बघा. तुकडा पाण्यात बुडवून आतली हवा चोळून काढा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. स्वस्तातली चकचकीत पट्टी बहुतेक तरंगतेच, आणि उन्हात भुगा होते.

अजिंक्यतारा_शिलाई
आभारी आहे. एक गिऱ्हाईक याच चौकोन-फुलीने कड्यावरून उतरायचं स्लिंग, म्हणजे माणसाचा भार घेणारा पट्टीचा फास, शिवून मागतंय. टेक्स ७० ने दोन-तीन चौकोन घातले तर?

कृष्णाकाठ
नाही. कितीही पैसे दिले तरी नाही. स्लिंगसाठीच्या ईएन ५६६ या युरोपीय मानकात किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास जोर लागतो, आणि तो तोडून तपासलेला असावा लागतो. तुमच्याकडे तोडून बघायचं यंत्र नाही. त्यांना तयार स्लिंग घ्यायला सांगा. नाहीतर क्लाइंबिंगची अखंड पट्टी घेऊन वॉटर नॉट (पट्टीची दोन टोकं जोडायची गाठ), शेपट्या निदान ८ सेंमी, आणि दर वेळी वापरण्याआधी गाठ तपासायची; ती हळूहळू सरकते.

सॅकचा लूप मात्र तपासून द्या. खुंटीला अडकवून ३०–४० किलोचं वाळूचं पोतं रात्रभर टांगा. सकाळी भोकं लांबट झालेली दिसली तर टाका मोठा करा, मागचं अस्तर जाड घ्या. दोरा बदलून फरक पडणार नाही.