काम आपल्याकडे करायचं की बाहेर द्यायचं? हिशोब आणि अनुभव इथे टाका

गेजवाला, भोसरी
माळा आवरताना जॉबवर्कचं (मजुरीवर बाहेर दिलेल्या कामाचं) जुनं चलनबुक हाती लागलं. एका पानावर "पाठवले २००, आले १९४". सहा नग कुठे गेले ते त्या पानावर नाही, पुढच्याही नाही. म्हणून धागा काढतोय. काम बाहेर द्यायचं हे तुम्ही कशावरून ठरवता? आकडे, अटी, काय बिघडतं, का बिघडतं, एवढंच लिहा.

सुरुवात माझ्याकडून. व्हीएमसी (संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन) घ्यावी की मशीनिंग बाहेरून करून घ्यावं? आकडे धरलेले आहेत, तुमचे घालून बघा.
मशीन ३० लाख, आयुष्य १० वर्षं, म्हणजे घसारा ३ लाख. व्याज वर्षाला सरासरी १.८ लाख. जागा, विमा, देखभाल १.२ लाख. हे ६ लाख मशीन झाकून ठेवलं तरी जाणार. एक ऑपरेटर २५ हजारांचा, वर्षाला ३ लाख. झाले ९ लाख. वर तासाला वीज ४५ रुपये (५ युनिट, ९ रुपयांनी) आणि टूलिंग ५१, मिळून ९६.
आता वर्षाला काम १००० तासांचंच असेल तर घरचा तास पडतो ९९६ रुपयांना. बाहेर तोच ६०० ला मिळतो. दोन शिफ्ट लावून, दुसऱ्या ऑपरेटरचे ३ लाख धरून, २९४० तास भरले तर घरचा तास ५०४. दोन्ही सारखे होतात सुमारे १७८६ तासांना. एका शिफ्टचे उत्पादक तास ७ गुणिले ३०० म्हणजे २१००, त्यामुळे मशीन ८५ टक्के भरलेलं हवं. नवीन मशीनवर पहिल्या वर्षी ८५ टक्के कोण भरतो ते मला दाखवा.

तासमास्तर
गेजवाले, ६०० हा भाव बिलावरचा. खरा भाव तो नाही. नग १२ मिनिटांचा धरा, तासाला ५, म्हणजे नगाला १२०. टेम्पोची खेप १५०० ची, ५०० नग, नगाला ३. आल्यावर तपासणी ४. दोन टक्के रिजेक्शन आणि कच्चा माल ३५० चा असेल तर आणखी ७. झाले १३४, तासाला ६७०. मग बरोबरी १७८६ वर नाही, १५६८ तासांवरच येते. फॉलोअपचे फोन यात धरलेले नाहीत.
रिजेक्शनमध्ये मजुरी कापून घेणं सोपं असतं, भांडण कच्च्या मालावरून होतं. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) आधीच लिहा: मशीनिंगच्या चुकीने गेलेल्या नगाचा माल कोणाच्या खात्यावर, आणि कास्टिंगमधल्या (ओतीव मालातल्या) ब्लोहोलने, म्हणजे आतल्या पोकळीने, गेला तर कोणाच्या.

गेजवाला
मान्य. तरी १५६८ म्हणजे एका शिफ्टचे ७५ टक्के. आणि सेटर (मशीनवर काम लावून देणारा) सोडून गेला तर?

निवांत_नाना
सेटर सोडून जाणार. यात "तर" नाही.

खर्चीवाला_इचल
इकडे इचलकरंजीत अख्खं गाव खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत मजुरीने विणून देण्यावर चालतं. व्यापारी सायझिंग केलेले बीम (खळ दिलेल्या उभ्या धाग्यांचे रूळ) आणि बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत देतो, माग आमचे, मजुरी पिकावर. ५२ पीक (इंचात ५२ आडवे धागे) आणि पिकाला १२ पैसे धरले तर मीटरला ६ रुपये २४ पैसे. भाव ठरवणं सोपं. गफलत सुताच्या हिशोबात होते.
बाण्याचं सूत किती लागेल ते आधी काढून ठेवा. ५२ पीक, ४० नंबर (सुताचा बारीकपणा) सुती, फणीतला पन्हा (मागावरची रुंदी) ५० इंच: मीटरला साधारण ३८.४ ग्रॅम, १००० मीटरला ३८ किलो ४०० ग्रॅम. कापडाचा पन्हा धरू नका, फणीचा धरा. कापड मागावरून उतरलं की आकसतं, तो पन्हा धरला की सूत कमी पडतं आणि मग "चोरलंस" सुरू. वर घट किती धरायची ते टक्क्यात बोलून घ्या. कोन संपत आल्यावर उरणारं सूत आणि कडेची चिंधी, दोन्ही त्यातच.
कापड आल्यावर ताग्याच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी भिंग लावून इंचातले पीक मोजा. ५२ च्या जागी ५० निघाले तर पावणेचार टक्क्यांच्या आसपास सूत वाचवलं आणि मागही लवकर मोकळा झाला. मजुरी मात्र ५२ ची लावली.

निवांत_नाना
अहो तुम्ही स्वतः खर्चीवाले ना? कोणाच्या बाजूने बोलताय?

खर्चीवाला_इचल
भिंगाच्या 🙂

प्लेटिंग_पीडित
घाईत लिहितोय, शुद्धलेखन माफ.
हीट ट्रीटमेंट नि प्लेटिंग बाहेरच. घरी करायचा विचारसुद्धा करू नका. सांडपाणी, संमती, ॲसिड, रोजची रासायनिक तपासणी, महिन्याला दोन-चार क्विंटलसाठी कोणी सांभाळत नाही. पण बाहेर देताना चलनावर नुसतं "हार्डनिंग" किंवा "झिंक" लिहिलंत तर जे येईल ते घ्यावं लागेल.
केस हार्डनिंगला (स्टीलचा वरचा थर कडक करायला) हे लिहा: मटेरियल (उदा. २० एमएनसीआर ५), केस डेप्थ (त्या थराची जाडी) ०.८ ते १.० मिमी, कडकपणा ५८ ते ६२ एचआरसी (कडकपणाचं माप), आणि केस डेप्थ ग्राइंडिंगच्या आधीची की नंतरची. शेवटचं विसरतात. ०.३ ग्राइंडिंगला सोडलं आणि केस ०.८ आली तर हातात उरते ०.५. त्याच हीट नंबरच्या (स्टीलच्या एकाच ओतणीच्या) बारचा एक तुकडा प्रत्येक लॉटबरोबर द्या, कापून बघायला. नग कापावा लागत नाही.
झिंकला जाडी मायक्रॉनमध्ये, पॅसिव्हेशन (झिंकवरचा संरक्षक थर) ट्रायव्हॅलंट क्रोमचं. हाय टेन्साइल बोल्ट असेल तर प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० ते २२० अंशांवर बेकिंग (भट्टीत तापवणं) हे शब्दांत लिहा. ॲसिड आणि प्लेटिंगमधला हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो, बोल्ट तपासणीत पास होतो आणि आवळून ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी डोकं तुटून पडतं. बेकिंग दोन दिवसांनी केलं तर उपयोग नाही.

मीठमसाला
मशीनवाल्यांच्या गर्दीत आमचं फराळाचं चालेल का? चालवून घ्या.
दिवाळीच्या ऑर्डरी बाहेर तळून घ्यायच्या असतील तर चकलीचे दोन तुकडे करा. भाजणी घरात, तळण बाहेर. चव भाजणीत असते आणि तीच दुसऱ्याला दिली की पुढच्या वर्षी तुमची गिऱ्हाइकं तिच्याकडे. तांदूळ ४, हरभरा डाळ २, उडीद डाळ १, मूग डाळ अर्धा, धणे-जिरे आपापल्या हाताने. प्रमाण गुपित नाहीच, कुठलं धान्य किती भाजायचं ते गुपित. दळून, मोजून, पाकिटं करून द्यायची.
मजुरी किलोवर ठरवताना कशाचा किलो ते बोला, भाजणीचा की तयार चकलीचा. तयार मालाच्या किलोवर मजुरी दिली की तेल पिणारी चकली तिच्या फायद्याची! भाजणीच्या किलोवर द्या. आधी एक घाणा समोर तळून वजन करा, तोच उतारा वहीत.
तेल तुम्ही द्या. खवट वास येतो तो बहुतेक जुन्या तेलात नवीन भर घालत राहिल्याने. एफएसएसएआयची मर्यादा टोटल पोलर कंपाउंड (तेल किती खराब झालं त्याचं माप) २५ टक्के आहे, मोजायचं छोटं यंत्र मिळतं. नसेल तर तेल फेसाळायला नि धुरायला लागलं की बदला असं लिहून द्या. आणि गरम चकली पिशवीत भरू नका, वाफ धरते, दोन दिवसात मऊ.
पाकिटावर बनवणारीचं नाव-पत्ता आणि तुमचं, दोन्ही लागतं. फक्त आपलं छापून मोकळं होता येत नाही.

सुगरण_सातारा
ताई, भाजणीत पोहे नाही का घालत? आमच्याकडे मूठभर घालतात, खुसखुशीत होते.

मीठमसाला
घालतात की. साबुदाणापण घालतात काही जणी. पण मूठभर म्हणजे ठेक्याच्या हिशोबात किती ग्रॅम? 😄 बचत गटाला "मूठभर" लिहून देऊ नका, दहा बायका, दहा मुठी.

निवांत_नाना
वाचून भूक लागली. कोणी चकली पाठवणार का, चलनावर?

कर_कटकट
नाना, चलनावर पाठवलेली परत यावी लागते. त्यावरूनच सांगते.
जीएसटीत माल जॉबवर्कला कर न लावता डिलिव्हरी चलनावर पाठवता येतो, पण तो एका वर्षाच्या आत परत यायला हवा किंवा तिथूनच विकला जायला हवा. मशीन वगैरे भांडवली वस्तूंना तीन वर्षं. साचे, डाय, जिग, फिक्स्चरना ही मुदत नाही. मुदत उलटली तर ज्या दिवशी पाठवला त्या दिवशीच विकला असं धरतात, म्हणजे कर तर भरायचाच, मागच्या तारखेपासूनचं व्याजही. गेजवाल्यांचे ते सहा नग आठवा.
आयटीसी-०४ (जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचं जीएसटी विवरण): मागच्या वर्षीची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर सहामाही, २५ ऑक्टोबर आणि २५ एप्रिल. त्याखाली असाल तर वर्षातून एकदा, २५ एप्रिल. चलनाला क्रमांक, नगांची संख्या आणि वजन दोन्ही लिहा. नुसतं वजन लिहून पाठवता आणि परत येताना नग मोजता, मग जुळणार कसं? भंगाराचंही लिहा. जॉबवर्करकडे नोंदणी असेल तर तो कर लावून तिथूनच विकू शकतो, नसेल तर विक्री तुमच्या बिलावर.
पैशांचं वेगळं. जॉबवर्कर उद्यम नोंदणीचा सूक्ष्म किंवा लघु असेल तर त्याचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नसल्यास १५. मार्चअखेर मुदत उलटून देणं बाकी राहिलं तर तो खर्च त्या वर्षी आयकरात धरत नाहीत, प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी. "९० दिवसांची क्रेडिट मिळते म्हणून बाहेर देतो" हे गणित मोडलं आहे.

तासमास्तर
वजन-नग दोन्ही हे सोन्यासारखं. बारमधून टर्निंग असेल तर भंगार ४० टक्क्यांपर्यंत जातं, ते कोणाचं हे ठरवल्याशिवाय मजुरीचा भाव बोलूच नका. भंगार ठेवून घेणारा कमी भाव देतो आणि आपल्याला वाटतं स्वस्त मिळालं.

पणजीची_परीट
गोव्यातून. छोट्या हॉटेलांची धुलाई बाहेर द्यावी का यावर. वीस खोल्यांखाली स्वतःचं मशीन-ड्रायर परवडणं कठीण, पण बाहेर दिलं की चादरी जास्त लागतात हे आधी धरा. एक पलंगावर, एक धुवायला, एक कपाटात, असे तीन संच. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, चौथा हवाच. चौथ्या संचाचे पैसे धुलाईच्या दरात मिळवून मग तुलना करा.
विहिरीचं, बोअरचं पाणी लोहाचं असेल तर पांढऱ्या चादरी पिवळट होतात, आणि मग तो माणूस जास्त क्लोरीन घालतो. क्लोरीनने लोह आणखी बसतं, डाग पक्का होतो. पाणी कुठलं वापरता हे दर विचारायच्या आधी विचारा. बसलेला डाग ऑक्झॅलिक ॲसिडने निघतो, पण कापड नंतर भरपूर खळबळायला लागतं. चादरीच्या कडेला रंगीत दोऱ्याची खूण घाला, नाहीतर शेजारच्या हॉटेलची फाटकी येते आणि आपली नवी जाते.

शिरोली_फौंड्री
कोल्हापूरकडे कास्टिंग देणाऱ्यांनी एकच करा. पॅटर्नचे (ज्यावरून साचा पाडतात त्या नमुन्याचे) पैसे तुम्ही दिले असतील तर पॅटर्नवर तुमचं नाव आणि नंबर कोरून घ्या, पीओवर "मालकी खरेदीदाराची" लिहा, फोटो ठेवा. फौंड्री बदलायच्या वेळी बिल थकलं म्हणून पॅटर्न अडकतो आणि दुसरा बनवायला आठवडे जातात. लाकडी असेल तर पावसाळ्यानंतर मापं पुन्हा घ्या, फुगतो.

वेबवाला_काका
मशीन नसलेल्यांसाठी दोन ओळी. वेबसाइट, ॲप बाहेरून करून घेता तेव्हा डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर. होस्टिंगचं बिल तुमच्या कार्डावर. कोड दर आठवड्याला तुमच्या खात्यात जमा. नंतर मागायचं ठरवलंत तर मिळत नाही, आणि मिळालं तर चालत नाही.

कर_कटकट
काका, हेच हिशोबनिसांनाही लागू! जीएसटी पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल मालकाचाच हवा, ओटीपी दुसऱ्याकडे जाता कामा नये. बाहेर दिलं तरी तीन तारखा स्वतः लक्षात ठेवा: ११ ला विक्रीचं विवरण, १४ ला टू-बी (खरेदीवरच्या क्रेडिटची यादी) येतं, २० ला थ्री-बी, म्हणजे कर भरायचं विवरण (तिमाहीवाल्यांच्या तारखा वेगळ्या). १४ ते २० मध्ये खरेदीची बिलं टू-बीत दिसतात का ते बघायला सांगा. जॉबवर्करने बिल चढवलं नसेल तर तुमचं क्रेडिट अडकतं, तेव्हाच फोन करायचा.

नवशिक्या_चाकण
प्लेटिंगवाल्या दादांना प्रश्न. आमचे एम१० चे (१० मिमी बोल्टचे) थ्रेड, म्हणजे आटे, प्लेटिंगआधी गो गेजला (जो सहज फिरायलाच हवा) पास, नंतर अडकतात. जाडी ८ मायक्रॉनच सांगितली होती. प्लेटर म्हणतो तुमची मशीनिंग चूक.

प्लेटिंग_पीडित
प्लेटर बरोबर आहे, या वेळी. थ्रेडवर पिच डायमीटर (आट्यांच्या मधोमध मोजलेला व्यास) जाडीच्या चौपट वाढतो. ८ मायक्रॉन म्हणजे ३२. रोलिंग किंवा कटिंग करतानाच तेवढं खाली धरायचं, ६जी टॉलरन्सचा (आट्यांच्या मापात चालणाऱ्या फरकाचा) वरचा काठ गाठायचा नाही. आणि बॅरलमध्ये (प्लेटिंगच्या फिरत्या पिंपात) जाडी सगळीकडे सारखी बसत नाही, टोकांना १२ पण मिळते, म्हणजे ४८. त्या हिशोबाने जागा सोडा.

नवशिक्या_चाकण
म्हणजे डाय हेड (आटे पाडायचं हत्यार) पुन्हा सेट. हजार नग तयार पडलेत 😐

प्लेटिंग_पीडित
तयार नगांना ५ मायक्रॉन चालतं का ते ग्राहकाला विचार, २० च वाढेल. गंज लवकर येईल हेही त्याला सांग, आणि होकार ईमेलवर घे.

निवांत_नाना
चकलीचं काय ठरलं?