ऊसकाट्याचा पीसी मागं पडतोय: सेल बदलायचा की सिरिअल पोर्टाकडं बघायचं?

काटेकोर: आमच्या काट्यावर (कोल्हापूर जिल्हा, कारखान्याचं नाव नको) अजून डॉसचा (विंडोजच्या आधीच्या प्रणालीचा) पीसी आहे. सकाळी ६ ला चालू केला की वेळ बरोबर, रात्री १० ला पावतीवर ११ मिनिटं मागं. ट्रॉलीवाला मोबाईल दाखवतो, क्लार्क पावती, रोजचा तंटा. सगळे म्हणतात पीसीतल्या घड्याळाचा सेल गेला. मला नाही पटत. काल इंडिकेटरची (वजन दाखवणाऱ्या डब्याची) सिरिअल पोर्टातली केबल तासभर काढून ठेवली, घड्याळ एक सेकंदही चुकलं नाही. परत जोडली, तासात पाऊण मिनिट गेलं.

उद्यमनगरी: भावा, केबलचा आणि घड्याळाचा काय संबंध? सेल बदल आणि मोकळा हो.

काटेकोर: सेल मेला असता तर सकाळी वेळ बरोबर कशी आली असती? डॉस सेलवरच्या घड्याळाला एकदाच, चालू होताना विचारतं. पुढं सेकंदाला १८.२ टिक (टायमरचे ठोके) मोजत बसतं. टिक बुडली की वेळ बुडली.

शिरोलीकर: इंडिकेटर २४०० बॉडवर (सेकंदाला २४०० बिट) आहे का? आणि तो पाठवतो ती वजनाची ओळ केवढी?

काटेकोर: २४००च. १६ अक्षरं, सेकंदाला एक ओळ. कपाटात प्रोग्रॅमची जुनी प्रिंट सापडली. ओळ वाचायच्या आधी इंटरप्ट (हातचं काम थांबवून टिक मोजायला लावणारी हाक) बंद केलेत, सोळावं अक्षर आलं की चालू.

शिरोलीकर: मग घावलं की! त्या काळच्या यूएआरटीत (सिरिअल पोर्टाच्या चिपमध्ये) एकाच बाइटची, म्हणजे एका अक्षराची जागा. अक्षर हुकू नये म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरानं सगळी दारं लावून घेतली, म्हणजे इंटरप्ट बंद केले. एका अक्षराला १० बिट, १६ अक्षरांना ६७ मिलिसेकंद. टिक येते दर ५५ मिलिसेकंदांना. एक टिक दाराशी थांबू शकते, तेवढ्यात दुसरी आली तर ती गेलीच. ओळीमागं सरासरी १२ मिलिसेकंद बुडतात. १६ तासांचा हिशोब लाव, ११ मिनिटं येतात. बॉड ९६०० कर. ओळ १७ मिलिसेकंदांत संपेल, टिक बुडायचा प्रश्नच नाही.

उद्यमनगरी: वेग वाढवून घड्याळ सुधारतंय म्हणे! त्यापेक्षा लिनक्स टाका, एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणं) लावा.

शिरोलीकर: एनटीपीचा प्रोग्रॅम एनटीपीडी घड्याळ हळूहळू ओढून दिवसाला जास्तीत जास्त ४३ सेकंद भरून काढतं. इथं तेवढी तासाला जातात. आणि त्या काट्यावर नेट कुठलं?

गूळवाली: शिरोलीकर दादा, हिशोब पटला, उपाय नाही. काट्याला वैधमापनचं (सरकारी वजनमाप खात्याचं) सील असतं. ऐन गळीत हंगामात, बाहेर बैलगाड्यांची रांग असताना इंडिकेटरच्या सेटिंगला कोण हात लावणार? पावती छापायच्या आधी बायोसला (पीसीतल्या मूळ प्रोग्रॅमला) विचारून सेलवरच्या घड्याळातून वेळ घ्या. त्यासाठीची हाक: इंटरप्ट १ए, फंक्शन २. चार ओळींचं काम.

शिरोलीकर: ताई, पावती सुधारेल, पीसीचं घड्याळ मागंच राहणार. रात्रीच्या फायलींवर चुकीचीच वेळ पडणार. पोरानं चूक केलीय ती तिथंच निस्तरा: अक्षरागणिक इंटरप्ट घ्या, दारं लावू नका.

गूळवाली: फायलीच्या वेळेवरून भांडायला कुणी येत नाही. पावतीवरून येतात.

काटेकोर: ताईंचं केलं. काल रात्री १० ला पावती आणि मोबाईल जुळले. ट्रॉलीवाला आता वजनावरून भांडतोय.

शिरोलीकर: हंगाम संपला की बॉड बदल. मी सोडणार नाही.