ज्येष्ठ स्वयंसेवकांना आठवड्याला किती तास काम द्यावं?

सांजवात:
मुलांकडून वाचून घेणं आणि एकट्या राहणाऱ्यांना फोन करणं, या दोन कामांसाठी ६५ ते ७८ वयाचे बारा स्वयंसेवक तयार आहेत. काहींना रक्तदाब, तिघांना मधुमेह, एकींचा गुडघा बदललेला. अशा कामाने तब्येत सुधारते म्हणतात, पण किती तासांनी? आणि वेळापत्रक बसवताना नेमकं कुठे चुकतं?

आकडेमोड:
आठवड्याला दोन तासांपासून सुरुवात करा. अमेरिकेतल्या पन्नाशीपुढच्या सुमारे १३,००० लोकांचा अभ्यास २०२० साली छापून आला. वर्षाला १०० तास (म्हणजे आठवड्याला साधारण दोन) किंवा जास्त काम करणाऱ्यांत मृत्यूचा धोका, हालचालींवरच्या मर्यादा आणि एकटेपणा कमी दिसला. मधुमेह, पक्षाघात, कर्करोग, हृदयविकार यांत मात्र काही फरक नव्हता, तेव्हा ‘साखर उतरेल’ असं सांगून कुणाला आणू नका. रक्तदाबाचं म्हणाल तर २०१३च्या एका लहान अभ्यासात २०० तासांवर फायदा निघाला होता; या मोठ्या अभ्यासात तो दिसला नाही. शिवाय मुळात धडधाकट माणसंच अशा कामाला बाहेर पडतात. अभ्यासक ते हिशेबात धरतात, तरी गुंता पुरता सुटत नाही.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या प्राथमिक शाळांत साठीपुढच्यांना आठवड्याला १५ तास काम होतं, पण त्यामागे आधीचं प्रशिक्षण, थोडं मानधन आणि एका शाळेत गटाने काम करण्याची सोय होती. एवढी तयारी नसेल तर तो आकडा उचलू नका.

खुर्चीआधी:
तास ठरले की खुर्च्या बघा. वाचनाच्या खोलीत बहुधा मुलांच्या बुटक्या खुर्च्या असतात आणि गुडघा बदललेल्या बाईंना त्यातून उठताच येत नाही. साधारण ४५ सेंमी उंचीची, हात असलेली खुर्ची द्या. स्वयंसेवकाला ज्या कानाने नीट ऐकू येतं त्या बाजूला मूल बसवा, आणि मुलाची पाठ खिडकीकडे नको. चेहरा अंधारात गेला की ओठ दिसत नाहीत.

स्वच्छतागृह कुठे आहे हे पहिल्याच दिवशी दाखवा. नाही तर लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी लोक कामाच्या दिवशी गुपचूप चुकवतात. बराच वेळ बसून उठताना रक्तदाब उतरून चक्कर येते, म्हणून उठल्यावर मिनिटभर टेबल धरून उभं राहायची सवय लावा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची पाळी जेवणाच्या वेळेवर ठेवू नका. साखर फार उतरून घाम, थरथर, गोंधळ दिसला आणि माणूस शुद्धीत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, १५ मिनिटांनी साखर तपासा. बिस्किटाने काम लवकर होत नाही, त्यातला स्निग्धांश आड येतो.

दूरध्वनी:
फोनच्या कामात एकाकडे तीनच माणसं, वार आणि वेळ ठरलेली, बोलणं २०-३० मिनिटं. ठरलेला फोन चुकला की पलीकडचं माणूस दिवसभर वाट बघतं. त्यापेक्षा सुरूच न केलेलं बरं. म्हणून बारांपैकी नऊ जणांनाच पाळ्या द्या, तीन बदली ठेवा. फोन उचलला नाही तर अर्ध्या तासाने दुसरा, तरी नाही तर आधीच लिहून घेतलेल्या नातेवाइकाला. औषधांचा सल्ला आणि पैशांचा विषय दोन्हीकडून बंद, हे पहिल्याच फोनवर सांगून टाकायचं.

सांजवात:
खूप उपयोग झाला. एकच उरलं: एक बाई घरी यजमानांचं आजारपण सांभाळतात, तरी ‘मला रोज बोलवा’ म्हणतात.

खुर्चीआधी:
रोज नको. आठवड्यातून एकदा, तेही घराबाहेरचं काम. फोनचं काम त्यांना पुन्हा घरातच बांधून ठेवेल. त्यांची सेवाशुश्रूषा हेही कामच आहे, ते तासांत धरा. आणि न विचारता महिनाभर सुट्टी मिळेल, जागा जाणार नाही, असं आधीच लिहून द्या. सहा आठवड्यांनी ‘जमतंय ना?’ असं विचारू नका, त्याला उत्तर कायम ‘हो’च येतं. ‘यातलं काय कमी करू?’ असं विचारा.