आधी यादी तर उघडी करा

एका सदस्यांनी विचारलंय, जुना संग्रह लोकांपुढं मोकळा करून त्यातून काही नवं करायच्या स्पर्धा घेतल्या, तर ग्रंथालयाच्या पदरात काय पडतं? ब्रिटिश लायब्ररीचंच बघा. डिसेंबर २०१३ मध्ये त्यांनी जुन्या पुस्तकांतली १० लाखांहून अधिक चित्रं फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर मोकळी सोडली. चित्र कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावरचं हे माहीत होतं, पण चित्रात काय आहे त्याची नोंदच नव्हती. मग लोकांनी टॅग, म्हणजे ओळखीचे शब्द, घातले, हजारो नकाशे हुडकून दिले. पगारी माणसं लावून हे कधी झालं असतं? २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘जिफ इट अप’ स्पर्धेत तर जुन्या फोटोंची जिफ, म्हणजे छोटी हलती चित्रं, करून लोकांनी त्यांना नाचवलं. पोरखेळ वाटेल, पण पोरं त्यामुळंच संग्रह चाळतात.

आपल्याकडं घोडं अडतं त्याच्या आधीच. अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे, कापडावर लिहिलेला अख्खा ग्रंथ! त्यावर काय काय करता येईल! पण माझ्या तालुक्याच्या वाचनालयाची यादी अजून रजिस्टरात, तीही वाळवीनं अर्धी खाल्लेली. मी एक्सेलमध्ये उतरवून देतो म्हणालो, तर उत्तर आलं, “कामून? कोण बघणार हाय?”

आणि कॉपीराइटचा बाऊ नको. आपल्या देशात लेखक जाऊन ६० वर्षं उलटली की मूळ पुस्तक खुलंच असतं.