ड्यूररची ‘स्मॉल पॅशन’: पाठ कोरी असलेलं पान जुनं मानावं का?

काजळरेघ
जर्मन चित्रकार ड्यूररच्या ‘स्मॉल पॅशन’ या ख्रिस्ताच्या यातनांवरच्या मालिकेतलं, ख्रिस्ताला काट्यांचा मुकुट घालतानाचं वुडकट (लाकडी ठोकळ्यावर कोरून छापलेलं चित्र) घ्यायचा विचार आहे. पाठ कोरी आहे, म्हणून ते १५११ च्या पुस्तकाआधीचं, असं विक्रेता म्हणतो. पैसे देण्याआधी काय तपासू?

ताम्रपट
कोऱ्या पाठीवर विसंबू नका. १५११ च्या न्यूरेंबर्ग आवृत्तीत चित्रांच्या पाठीवर केलिडोनियस या कवीची लॅटिन कवनं आहेत, १६१२ च्या व्हेनिस आवृत्तीत इटालियन मजकूर. कोरी पाठ पुस्तकाआधीच्या छापांना असते, तशीच नंतर सुट्या काढलेल्यांनाही, आणि बाजारात येतात ते बहुतेक नंतरचेच.

म्हणून ठोकळ्याची झीज बघा. चौकटीची रेघ तुटलीय का? काळ्या रेघांत बारीक गोल पांढरे ठिपके आहेत का? लाकडाला कीड लागली की त्या भोकावर शाई बसत नाही. पान उजेडासमोर धरा. ठिपक्याच्या जागी कागद शाबूत असेल तर भोक ठोकळ्यातलं, म्हणजे छाप उशिराचा. आरपार उजेड आला तर कीड नुसती कागदाला लागलेली. त्यावरून छापाचा काळ ठरत नाही.

खिळेजुळारी
ठिपके नाहीत म्हणून निर्धास्तही होऊ नका. १८४४ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी मूळ ठोकळ्यांवरून धातूचे स्टिरिओटाइप (साच्यातून ओतलेल्या प्रतिकृती) करून मालिका छापली, तेव्हा किडीच्या जागा दुरुस्त करून घेतल्या होत्या.

माप घ्या: चित्र साधारण १२.७ × ९.७ सेंमी हवं. दहापट भिंगाखाली एकसारखी जाळी दिसली तर विषय संपला, ती यांत्रिक छपाई. वुडकटमध्ये दाबामुळे शाई रेघेच्या कडांकडे सरकते, म्हणून कडा गडद दिसतात. भोवती पत्र्याचा दबलेला चौकोन असेल तर ती तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली नक्कल. इटालियन कोरीवकार मार्कांतोनियो राइमोंदीने ही मालिका तशी उतरवली होती. कडा कापल्या असतील तर चौकोन जातो, पण रेघा बोलतात: तांब्यावरची रेघ टोकाला निमुळती होत जाते.

ड्यूररची स्वतःची तांब्यावरची ‘पॅशन’ वेगळी: १६ चित्रं, ११.७ × ७.४ सेंमी.

काजळरेघ
चौकटीची खालची रेघ तुटलीय, दोन पांढरे ठिपके आहेत. तिथे कागद शाबूत.

ताम्रपट
मग पुस्तकाआधीचा नक्कीच नाही. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावरच्या १५११ च्या छापाशी चौकट ताडून बघा. भिंगाखाली बाकी सगळं जुळलं तर घ्यायला हरकत नाही, ठोकळा ड्यूररचाच; पण भाव उशिराच्या छापाचा द्या.