देणगी दिली आणि मग टेंडर मिळालं, याला भ्रष्टाचार म्हणायचं की योगायोग?

घोडबंदरवासी

मंडळी, राजकीय धागा आहे हे आधीच सांगतो, पण कुठल्या एका पक्षाला झोडपायला काढलेला नाही. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्यावरून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा चांगलीच जुंपली. एकाने जुनी बातमी टाकली की मेघा इंजिनिअरिंग या बांधकाम कंपनीने ११ एप्रिल २०२३ ला शंभर कोटींच्या वर निवडणूक रोखे (इलेक्टोरल बाँड, म्हणजे स्टेट बँकेतून घेऊन नाव जाहीर न करता पक्षाला देणगी द्यायचा कागद) घेतले आणि पुढच्याच महिन्यात एमएमआरडीएचं (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) हे १४ हजार कोटींच्या वरचं काम त्यांना मिळालं. दुसरा म्हणाला की टेंडर रीतसर निघालं होतं, कागद दाखव नाहीतर गप्प बस. मला दोघांचंही पटतंय आणि तिथेच गाडी अडलीय. देणगी कायदेशीर, टेंडरही कायदेशीर, मग आरोप नक्की कशाचा? आणि असं कधी कोर्टात सिद्ध झालंय का आपल्याकडे?

जुनापेपरवाला

झालंय की, आणि तेही आपल्याच मुंबईत. अंतुले मुख्यमंत्री असतानाचं सिमेंट प्रकरण आठवतंय का कुणाला? इथल्या निम्म्या लोकांचा तेव्हा जन्म झाला नसेल. तेव्हा सिमेंटवर सरकारी कंट्रोल होता, परवाना असेल तर सरकारी भावात, नसेल तर काळ्या बाजारात जाऊन दाम मोजा, म्हणजे बिल्डरसाठी मंत्रालयातला तो कागद म्हणजे रोकडच. त्याच काळात अंतुल्यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान काढलं, लेखक-कलावंतांना मदत करायला वगैरे, आणि बिल्डर लोकांना अचानक साहित्य-कलेचा उमाळा आला, चेकवर चेक. साखर कारखानेसुद्धा मागे नव्हते. ३१ ऑगस्ट १९८१ ला अरुण शौरींनी इंडियन एक्सप्रेसमध्ये हे बाहेर काढलं, प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं आणि जानेवारी १९८२ मध्ये न्या. लेंटिन यांनी निकाल दिला की देणगी आणि सिमेंटचा कोटा यांचा संबंध आहे. अंतुल्यांना राजीनामा द्यावा लागला, मग बाबासाहेब भोसले आले.

मुद्दा असा की पैसा सगळा चेकने होता. तरी अडकले, कारण कुणी किती दिले आणि कुणाला किती सिमेंट मिळालं हे शेजारी शेजारी ठेवून बघता आलं.

बारामतीचा_बंड्या

@जुनापेपरवाला अर्धीच गोष्ट सांगताय काका. भाजपच्या रामदास नायकांनी फौजदारी खटला केला तो वर्षानुवर्षं वर-खाली फिरला, सुप्रीम कोर्टाने १९८४ ला एक सांगितलं, १९८८ ला सात न्यायाधीशांनी आपल्याच कोर्टाचा आदेश चुकला म्हणून फिरवला, आणि शेवटी अंतुले साहेब केंद्रात मंत्री झाले. खुर्ची गेली, शिक्षा नाही. त्यामुळे "सिद्ध झालं" म्हणताना जरा जपून.

आणि मेघाचंच म्हणाल तर त्यांनी भाजपला पाचशे कोटींच्या वर दिले हे खरं, पण बीआरएसला १९५ कोटी आणि द्रमुकला ८५ कोटी पण दिलेत, ते का नाही सांगत कुणी? कंपनी सगळ्यांनाच देते. धंदा करायचा तर द्यावं लागतं.

कंत्राटदाराचा_पोरगा

बंड्या, तू जे बचाव म्हणून सांगतोयस ना तोच आरोप आहे रे. तेलंगणात सरकार होतं त्या बीआरएसला, तामिळनाडूत होतं त्या द्रमुकला, दिल्लीत आहे त्या भाजपला. विचार पटला म्हणून देणारा माणूस एवढ्या सगळ्या पक्षांचा विचार एकदम पटवून घेतो का? लॉटरीवाली फ्युचर गेमिंग बघ, सगळ्यात जास्त १३६८ कोटींचे रोखे त्यांचे, त्यातले पाचशेच्या वर तृणमूलला आणि पाचशेच्या वर द्रमुकला, म्हणजे हा रोग काय एका पक्षाचा नाही.

आता टेंडर रीतसर होतं यावर. आमच्या वडिलांची रस्त्यांची छोटी कामं असायची, त्यामुळे हे घरात रोज ऐकलंय. गडबड करायची तर दर उघडताना कोण करतं, ती त्याच्या कितीतरी आधी अटी लिहितानाच होते. अमुक किलोमीटरचं तसलंच काम पूर्वी केलेलं हवं, वर्षाची उलाढाल एवढी हवी, अमुक मशीन स्वतःच्या मालकीचं हवं, असं लिहिलं की दहातले आठ जण दारातच बाद, उरलेले दोघं रीतसर स्पर्धा करतात. कागद एकदम स्वच्छ, ऑडिटवाल्यालाही काही सापडत नाही. आणि पुढे बिलं काढायची वेळ येते तेव्हा दुसरा अंक, पण तो वेगळा धागा होईल. बोगद्याच्या कामात असंच झालं असं मी म्हणत नाहीये बरं का, नुसतं "टेंडर निघालं होतं" एवढ्याने काही शाबीत होत नाही इतकंच.

घोडबंदरवासी

@कंत्राटदाराचा_पोरगा हे पटलं. पण मग रोख्यांच्या बाबतीत अंतुले प्रकरणासारखा ताळा कुणी घातलाच नाही का कोर्टात? सुप्रीम कोर्टाने तर योजनाच रद्द केली ना?

वकीलीण_नाशिक

योजना रद्द झाली ती वेगळ्या कारणाने. १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की पक्षाला पैसा कोण देतंय हे कळणं मतदाराचा हक्क आहे आणि ही योजना तोच मारते. स्टेट बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली होती, म्हणजे लोकसभा निवडणूक उरकल्यावर! कोर्टाने दिली नाही आणि दुसऱ्याच दिवशी माहिती तयार. कुणी कुणाला फायदा करून दिला हा प्रश्न त्या निकालात तपासलेलाच नाही. तो घेऊन लोक नंतर गेले, एसआयटी (विशेष तपास पथक) नेमा म्हणून, तर २ ऑगस्ट २०२४ ला कोर्ट म्हणालं की एकेका प्रकरणात संशय असेल तर नेहमीचे कायदेशीर मार्ग आहेत, सरसकट चौकशी नाही. आता नेहमीचा मार्ग म्हणजे तक्रार त्याच यंत्रणांकडे ज्या सरकारच्या हाताखाली, तुम्हीच बघा.

माझ्या मते खरी गोम २०१७ च्या वित्त कायद्यात आहे, त्यावर कुणी भांडत नाही. आधी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता यायची. ती मर्यादाच काढून टाकली. परिणाम बघायचा तर नवी मुंबईची क्विक सप्लाय चेन, २०२१-२२ चा नफा २२ कोटींच्या आसपास आणि त्याच वर्षी रोखे ३६० कोटींचे. हा पैसा कुठून आला हे विचारायला सीए असावं लागत नाही. तो बदलही कोर्टाने रद्द केलाय, त्याबद्दल आभार.

बारामतीचा_बंड्या

म्हणजे आता सगळं पारदर्शक झालं म्हणायचं 😄

वकीलीण_नाशिक

कसलं काय. इलेक्टोरल ट्रस्टचा रस्ता २०१३ पासून उघडाच आहे. दहा कंपन्या ट्रस्टला देतात, ट्रस्ट चार पक्षांना देतो. दोन्हीकडची नावं जाहीर होतात, पण कुठल्या कंपनीचा रुपया कुठल्या पक्षात गेला ते कळेलच असं नाही. शिवाय वीस हजारांपर्यंतची देणगी देणाऱ्याचं नाव पक्षाला आयोगाला कळवावंच लागत नाही, ते जुनं भोक तसंच आहे.

@घोडबंदरवासी तुम्हाला ग्रुपवर भांडायचंच असेल तर बातमीचं चित्र नका टाकू. निवडणूक आयोगाच्या साईटवर दोन याद्या आहेत, एक खरेदीची आणि एक वटवल्याची, २१ मार्च २०२४ ला बाँडच्या नंबरांसकट टाकलेल्या. नंबर जुळवला की कुणाचा बाँड कुणी वटवला ते दिसतं. त्याच्या शेजारी एमएमआरडीएच्या टेंडरच्या तारखा लावा, आणि आरटीआय टाकून पात्रतेच्या अटी आणि त्यात वेळोवेळी केलेल्या दुरुस्त्या मागवा. "टेंडरची प्रत द्या" एवढंच लिहू नका, दुरुस्तीपत्रकं तारखेसह हवीत असं स्पष्ट लिहा, नाहीतर मूळ जाहिरात पाठवून मोकळे होतात.