न्यूट्रोफिल पेशींची गर्दी आणि ताऱ्यांचा जन्म : साम्य खरे किती?

मृगशीर्ष (प्रश्न)
पुढील महिन्यात आमच्या अभ्यासमंडळात मला तासभर बोलायचे आहे. अवकाशातील थंड वायूचा मेघ आकसून तारे बनतात आणि जखमेच्या जागी न्यूट्रोफिल या प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी गोळा होतात, या दोन घटनांची समीकरणे जवळजवळ सारखी आहेत, असे माझ्या वाचनात आले. एकीकडे १० केल्व्हिन तापमानाचा वायू व गुरुत्वाकर्षण, दुसरीकडे आपल्या शरीरातील जिवंत पेशी व रसायनाचा माग. इतक्या भिन्न गोष्टींना एकच गणित लागू पडते, ते त्यांच्यात काही समान आहे म्हणून, की दोन्हीकडे आपण सोपे गणित निवडतो म्हणून? श्रोत्यांना चुकीचे काही सांगू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दीर्घिका
साम्य खरे आहे. मात्र ते नेमके कोठे आहे, हे आधी पाहायला हवे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये असे दाखवले की, सारख्या पसरलेल्या वायूत एखाद्या ठिकाणी घनता किंचित वाढली, तर तेथील गुरुत्व आजूबाजूचा वायू ओढून घेते आणि घनता आणखी वाढते, तर वायूचा दाब ही वाढ मोडू पाहतो. दाट भाग लहान असेल तर दाब वरचढ ठरतो, ठरावीक लांबीहून मोठा असेल तर गुरुत्व.

एव्हलिन फॉक्स केलर (या मूळच्या सैद्धांतिक भौतिकशास्त्रातल्या) आणि गणितज्ञ ली सेगेल यांनी १९७० मध्ये याच धर्तीचे अस्थैर्य डिक्टिओस्टेलियम या मातीतल्या अमीबाच्या वर्तनात दाखवले. अन्न संपले की हे सुटे अमीबा एक रसायन सोडतात आणि ते जिकडे अधिक दाट असेल तिकडे सरकतात. जेथे चार पेशी जास्त जमल्या तेथे रसायन जास्त, म्हणून आणखी पेशी तिकडेच वळतात. दाबाचे काम येथे पेशींची दिशाहीन भटकंती करते. रसायनाचा ऱ्हास होत नाही आणि त्याचे पसरणे स्थिरावले आहे असे मानले, तर त्याच्या घनतेचे समीकरण हे गुरुत्वीय विभवाचेच (ज्या राशीच्या उतारावरून गुरुत्वाची ओढ काढतात तिचेच) समीकरण होते. हा योगायोग नाही. उगमातून निघालेली गोष्ट वाटेत नाहीशी न होता सर्व दिशांना सारखी पसरली, की तिचा प्रभाव अंतरानुसार याच नियमाने विरळ होतो.

एक फरक मात्र अवश्य सांगावा. वायूला जडत्व असते, म्हणून दाट भाग लहान असेल तर तो ध्वनिलहरीसारखा मागेपुढे होत राहतो. पेशीच्या आकारमानाला पाणीही पाकासारखे दाट वाटते, त्यामुळे तेथे जडत्वाला काही अर्थ उरत नाही आणि छोटी गर्दी नुसतीच विरून जाते.

पेशीवाचक
वरील विवेचन उत्तम आहे, पण मूळ प्रश्न न्यूट्रोफिलांचा होता आणि तेथे हे गणित अर्ध्या वाटेवर लागू होते. सुरुवातीला त्यांना बोलावणारा उगम बाहेरचा असतो : दुखावलेल्या पेशी आणि जिवाणू यांच्यापासून निघालेले रेणू. पुढे पोहोचलेले न्यूट्रोफिल स्वतःच ल्युकोट्राइन बी४ हे रसायन सोडून दूरवरच्या सोबत्यांना बोलावू लागतात, तेव्हा गर्दीतून गर्दी वाढण्याचा टप्पा येतो. उंदरांच्या ऊतींमध्ये हे २०१३ मध्ये दिसून आले.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते ही गर्दी थांबणे, कारण हेच न्यूट्रोफिल निरोगी ऊतीचीही नासाडी करू शकतात. रसायन दाट झाले की जीआरके२ हे प्रथिन पेशीवरील ग्राहींना (रसायन ओळखणाऱ्या रेणूंना) त्या हाकेबाबत बधिर करते आणि पेशी जागीच थांबतात. हे प्रथिन नसलेले न्यूट्रोफिल अधिक दूरवर हिंडले, तरी जिवाणूंना रोखण्यात ते कमी पडले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. थांबल्याशिवाय बंदोबस्त होत नाही. केलर आणि सेगेल यांच्या मूळ समीकरणांत असे बधिर होणे नाही. आपल्या भाषणात ही जागा सोडू नये, ही विनंती.

मृगशीर्ष
दोघांचेही मनापासून आभार. एक शंका उरते : शरीरात विकरे (एन्झाइम) रसायन मोडून टाकतात, त्यामुळे हाक काही अंतरापलीकडे पोहोचत नाही. मेघात गुरुत्वाला अशी मर्यादा घालणारे काही असते का?

दीर्घिका
नाही. विद्युतभार धन आणि ऋण असल्यामुळे एकमेकांना झाकू शकतात; वस्तुमान एकाच प्रकारचे असल्याने गुरुत्वाला आडोसा मिळत नाही. मेघाचे आकसणे अडते ते वेगळ्या कारणाने : गाभा इतका दाट होतो की आतली उष्णता बाहेर निसटू शकत नाही, तापमान चढते आणि दाब पुन्हा उभा राहतो. तेथे ओढ तशीच राहते, विरोध वाढतो. न्यूट्रोफिलांमध्ये ओढ जाणवणेच बंद होते. फळ्यावर या दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी काढाव्यात.